कस

ब्लॉकवर नाव नसते, आकडा असतो.
अर्जावर मात्र होते: वय अठ्ठावन्न, धंदा सोनार, माशेल.
माशेलात सोनार पुष्कळ, असे मी स्वतःला सांगितले
आणि मेण गार करायला ठेवले.

दुपारी अडीच. बांबोळीच्या चढावर ट्रक गिअर बदलतात,
खिडकीची काच बारीक थरथरते.
मायक्रोटोमचे चाक फिरवताना मी श्वास रोखते.
चार मायक्रॉन.
पोटाच्या अस्तराची फीत कोमट पाण्यावर पसरते,
दुधावरच्या सायीला येतात तशा सुरकुत्या,
त्या ब्रशने काढायच्या.

रंग चढला. ग्रासियास मॅडम म्हणाल्या, ये, बघ.
पेशी फुगलेल्या, आत पांढुरका चिकटा,
केंद्रक एका कडेला ढकललेले,
अंगठीवर खडा बसवावा तसे.
सिग्नेट रिंग. पुस्तकातही हेच नाव आहे.
शेकडो मुद्या,
कुणाच्याही बोटाला न होणाऱ्या.

मग खुणांच्या काचा.
हर-टू: शून्य. म्हणजे ते एक महागडे औषध लागू नाही.
ई-कॅडहेरिन: पेशीला पेशी धरून ठेवणारी झाळ.
धड भागात तपकिरी रेघ, चिऱ्यांमधल्या चुन्यासारखी.
इकडे काहीच नाही. नुसती निळी पांगापांग.

झाळ मला कुणी शिकवायला नको.
माझ्या कानातल्या कुड्या रोहिदास वेर्लेकरांनी घडवलेल्या.
चवथीच्या आदल्या दिवशी एक मोती सुटला,
दुकानात गर्दी, तरी त्यांनी फुंकणी तोंडात धरली,
ज्योत वाकवली, म्हणाले,
सोन्यात खोट ना गो बाय, जोडात आसा.

रिपोर्ट न्यायला तेच आले.
माझ्या चेहऱ्याआधी त्यांनी कुड्या ओळखल्या.
मॅडमनी मुद्यांचे सांगितले तेव्हा हसले:
जल्मभर मुद्यो केल्यो, आतां पोट करता.
मग गंभीर होऊन, गिऱ्हाईक विचारते तसे,
कितले कॅरेट?

आमच्याकडे त्याचे उत्तर म्हणजे एक तक्ता.
रेषा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते,
प्रत्येक पायरीवर कुणीतरी थांबलेले असते.
या खुणा असलेल्यांची रेषा जरा लवकर उतरते.
पण त्या रेषेला रोहिदास शेट ठाऊक नाहीत.
हे मी मनात म्हटले.
मॅडम म्हणाल्या, आधी औषध सुरू करू.

रक्ताची नळी बंगळुरूला गेली होती. महिन्याने उत्तर आले:
झाळीचा जीनच जन्मापासून मोडका.
तेव्हा कुठे घरातले जुने मरण बाहेर निघाले.
बोरीला दिलेली बहीण, एकेचाळिसाव्या वर्षी.
त्यांची आई, जिच्या पोटात वारा धरतो म्हणत
आणि ओवा देत.

आता सुलक्षा. सव्वीस वर्षांची, फोंड्याच्या बँकेत.
रुपयात आठ आणे, मॅडमनी सांगितले.
असला तर पोट आधीच काढून टाकता येते.
सगळे?
सगळे. माणसे जगतात, थोडे थोडे खाऊन.

ती बराच वेळ माझ्या टेबलावरच्या चिमट्याकडे बघत होती.
म्हणाली, बाबांचा कसोटीचा दगड बरा.
सोने घासले म्हणून सोन्याचे काही जात नाही.

फॉर्मवर दोन चौकटी असतात:
निकाल जाणून घ्यायचा आहे, नाही.
तिने पेन टोपणासकट परत दिले.
बाहेर शेट बाकावर बसून
केळ्याची साल काढत होते, सावकाश,
तारेवरचे सोने सोलावे तशी.

गुरुवारी ती एकटी आली, पेन स्वतःचे घेऊन.
कुठल्या चौकटीत खूण केली, ते मी बघितले.
इथे लिहिणार नाही.

नळीवर आकडा घातला.
फ्रिजचे दार एकदा ढकलून बसत नाही,
दुसऱ्यांदा ढकलले.